वाचकांचे प्रश्न : १०८ची रुग्णवाहिका कुठे उभी राहते?

प्रश्न : आमची वाडी घाटमाथ्यावर आहे आणि ग्रामीण रुग्णालय ३२ किलोमीटरवर. १०८ची गाडी कुठे ठेवायची, हे कशावरून ठरते? १०२ वेगळी का?

उत्तर : आधी दुसऱ्या प्रश्नाचे. १०२ ही मुख्यतः गरोदर माता आणि अर्भकांना ने-आण करणारी सेवा आहे. अपघात, सर्पदंश, हृदयविकार यांसाठी १०८. राज्यात ती २०१४ साली ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली. त्यांपैकी २३३ गाड्यांत व्हेंटिलेटरसह प्रगत जीवरक्षक सामग्री होती, ७०४ गाड्यांत प्राथमिक; डॉक्टर मात्र दोन्हींत.

राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा ढोबळ निकष एक लाख लोकसंख्येमागे एक प्राथमिक आणि पाच लाखांमागे एक प्रगत गाडी असा आहे. आमच्या मते खरी अडचण इथेच आहे. लोकसंख्या मोजणारा निकष घाटातली वळणे मोजत नाही, आणि विरळ वस्तीच्या डोंगरी तालुक्यात लाखभर माणसे गोळा होईपर्यंत अंतर फार वाढते. म्हणून ग्रामसभेच्या ठरावासह जिल्हा शल्यचिकित्सकांकडे मागणी करताना लोकसंख्येपेक्षा प्रत्यक्ष प्रवासाला लागणारी मिनिटे, पावसाळ्यात बंद पडणारे रस्ते आणि मोबाइलला रेंज नसलेल्या जागा लिहाव्यात.

फोन पुण्याच्या नियंत्रण कक्षात लागतो, तेव्हा ‘मारुतीच्या देवळाजवळ’ एवढे सांगून भागत नाही (मारुती कुठल्या गावात नाही?), तालुका, ग्रामपंचायत आणि डांबरी रस्त्यावरचा फाटा आधी सांगावा आणि फाट्यावर बॅटरी घेऊन एक माणूस उभा करावा.