वाचक विचारतात: टाउन हॉलच्या भिंतीला सिमेंट का नको?

प्रश्न : मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या टाउन हॉलसारख्या जुन्या वास्तूंना ओल आली की नुसतं सिमेंट मारून रंग का देत नाहीत? चुन्याचा एवढा हट्ट कशाला? – एक वाचक, दादर

उत्तर : अहो, हट्ट आमचा नाही, भिंतीचा आहे! ही इमारत 1833 सालची. चुन्यात बांधलेली भिंत पावसाळ्यात ओल पिते आणि नंतर हळूहळू बाहेर सोडते. वर सिमेंटचा थर चढवला की ओल आतच कोंडते, क्षार फुलतात आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. शिवाय सिमेंट कडक. काढायला गेलं की जुना दगडही सोबत घेऊन येतं. म्हणून मुरवलेला चुना, सुरखी म्हणजे विटांची भुकटी, कुठे गूळ आणि बेलफळाचा गर. वेळ लागतो, गवंडीही कुरकुरतात. पण दगडांमधल्या दरजा (सांधे) घासून नका बघू, आधी गच्चीवरचे पन्हाळे साफ आहेत का ते बघा. निम्मी ओल तिथूनच येते.

फेरबदलांचं म्हणाल, तर टाउन हॉलसारख्या पहिल्या श्रेणीच्या, म्हणजे सर्वांत महत्त्वाच्या वारसावास्तूत आतबाहेर कुठलाही बदल फक्त ती मजबूत करण्यासाठी आणि तिचं आयुष्य वाढवण्यासाठीच करता येतो. एसीसाठी कोनाडा फोडणारे पुष्कळ भेटतात मला.