सर्व्हिस क्लबमधले (म्हणजे रोटरी, लायन्ससारख्या समाजसेवा करणाऱ्या क्लबमधले) मेंबर नवीन मेंबर आणतच नाहीत, त्यांना कसं तयार करायचं?

तुम्ही लिहिलंय की क्लबात तीसेक मेंबर आहेत, दर मीटिंगला प्रेसिडेंट सांगतात की प्रत्येकाने एक तरी नवीन मेंबर आणा, सगळे हो हो म्हणतात, आणि दोन वर्षांत मिळून आलेत फक्त दोघं. मी आमच्या क्लबात चार वर्षं मेंबरशिपचं काम बघितलंय आणि त्यातली पहिली दोन वर्षं आमच्याकडेही सेम हेच चालू होतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिलं म्हणजे ती दर मीटिंगची घोषणा बंद करा. सगळ्यांना मिळून सांगितलेलं काम कोणीच आपलं मानत नाही. १९६८ मध्ये डार्ली आणि लाटाने या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला होता, त्यात इंटरकॉमवर बोलणाऱ्या माणसाला मध्येच त्रास व्हायला लागल्याचं ऐकू यायचं, आणि ऐकणाऱ्याला आपण एकटेच आहोत असं वाटत असेल तर तो बहुतेक वेळा धावायचा, पण अजून चारजण ऐकताहेत असं वाटलं की बरेचजण बसूनच राहायचे. ती माणसं काही निर्दयी नव्हती, कोणीतरी गेलं असेल असं प्रत्येकाला वाटत होतं. तुमच्या मीटिंगमध्ये तीस लोकांच्या मनात नेमकं हेच चालतं.

तिसऱ्या वर्षी मी काय केलं, तर एकेका मेंबरला फोन केला, किंवा मीटिंगनंतर बाजूला बसून बोलले, आणि मेंबर आणा हा शब्दच काढला नाही. विचारलं एवढंच की तुमच्या ओळखीत नुकतंच कोण रिटायर झालंय, कोणाची मुलं शिकायला बाहेर गेलीत, कोण नवीन राहायला आलंय, मागच्या वर्षभरात आपल्या कामाबद्दल तुम्हाला आपणहून कोणी काही विचारलं का. असं विचारलं की नावं येतात. "कोणी इंटरेस्टेड आहे का" असं विचारलं तर समोरचा पटकन नाही म्हणून मोकळा होतो, कारण त्याच्या डोळ्यासमोर कोणी येतच नाही. दहा-पंधरा मिनिटांत एकेकाकडून दोन-तीन नावं मिळाली, मी ती वहीत लिहून घेतली आणि पुढच्या आठवड्यात त्याच नावांबद्दल विचारलं.

अजून एक जुनी युक्ती रोटरीवाल्यांची. त्यांच्याकडे पूर्वी एका क्लबात एका व्यवसायाचा एकच माणूस घ्यायची पद्धत होती. तो नियम आता तसा कडक राहिला नाही, पण कागद घेऊन तुमच्या क्लबात कुठल्या कुठल्या कामाची माणसं आहेत ते लिहून बघा, रिकाम्या जागा लगेच दिसतात. आमच्याकडे एकही नर्स नव्हती आणि एकही शिक्षक नव्हता, आणि आम्ही वर्षभर करायचो काय तर आरोग्य तपासणी आणि शाळेतले कार्यक्रम! मग "आपल्याला एक शिक्षक हवाय" असं म्हटल्यावर तीन मेंबरांना लगेच कोणीतरी आठवलं.

आता खरा मुद्दा. त्या फोनांमधून मला कळलं की मेंबर आळशी नाहीत, त्यांना संकोच वाटतो. थोडा नकाराचा, थोडा आपण काहीतरी विकतोय असं दिसेल याचा, आणि सगळ्यात जास्त म्हणजे आपल्याच मीटिंगचा. एक काका, क्लब सुरू झाल्यापासूनचे मेंबर, मला म्हणाले, "अगं आणीन की मी मित्राला, पण त्याला दाखवू काय? पाऊण तास हिशोब आणि मागच्या मीटिंगचं वाचन?" मला ते फार लागलं, कारण ते मनापासून बोलत होते आणि त्यांचं बरोबर होतं. आम्ही हिशोब, पत्रव्यवहार वगैरे सगळं बोर्डाच्या मीटिंगला हलवलं आणि सर्वांच्या मीटिंगमध्ये कामाचं बोलणं आणि गप्पा एवढंच ठेवलं. तुम्हीही आधी स्वतःला विचारा की पुढच्या मीटिंगला तुमच्या जवळच्या माणसाला आनंदाने न्याल का? उत्तर नाही असेल तर मेंबरांना काही बोलण्याआधी मीटिंग सुधारा. तारीख-वारही बघा, रोटरीनेसुद्धा २०१६ मध्ये क्लबांना मोकळीक दिली की दर आठवड्याला नाही भेटलात तरी चालेल, महिन्यातून दोनदा भेटा. नोकरी आणि लहान मुलं असलेल्या माणसाला एवढा फरकही पुरतो.

आणि नवीन माणसाला पहिल्यांदा मीटिंगला बोलवूच नका, कामाला बोलवा. "आमच्या क्लबचा मेंबर हो" हे म्हणायला जड जातं, "रविवारी सकाळी रक्तदान शिबिरात नाव नोंदवायला दोन तास माणूस हवाय, येशील?" हे कोणालाही म्हणता येतं. समोरचा नाही म्हणाला तरी संबंध बिघडत नाहीत आणि हो म्हणाला तर तो क्लब आतून बघतो. १९२५ मध्ये हेलन केलर, लहानपणीच दृष्टी आणि श्रवण गमावलेल्या अमेरिकन लेखिका, लायन्स क्लबांच्या अधिवेशनात बोलल्या तेव्हा त्यांनी नुसतं सेवा करा असं सांगितलं नाही, अंधांसाठी काम करा असं नेमकं मागितलं, आणि शंभर वर्षं झाली तरी डोळ्यांचं काम ही लायन्सची ओळख आहे. मेंबरांच्या हातात असंच एक नेमकं वाक्य पाहिजे. "तुमचा क्लब करतो तरी काय" याचं उत्तर तुमच्या तीस जणांना एका वाक्यात देता येतं का, विचारून बघा. आमच्याकडे पाचजणांनी पाच उत्तरं दिली होती.

बक्षीस, स्पर्धा, टार्गेट याबद्दल तुम्ही विचारलंय. आम्ही एक वर्ष जास्त मेंबर आणणाऱ्याला ट्रॉफी ठेवली होती. एकाने नात्यातले चारजण आणले, वर्गणी भरली, फोटो झाले, आणि पुढच्या वर्षी चौघंही नव्हते. माझं स्पष्ट मत, हे करू नका. त्यापेक्षा ज्याने माणूस आणला त्याच्यावर जबाबदारी द्या, पहिले सहा महिने मीटिंगला त्याच्या शेजारी बसायचं, ओळखी करून द्यायच्या, आला नाही तर फोन करायचा. नवीन माणूस कोपऱ्यात बसून राहिला की तो जातो, आणि त्याला आणणारा मेंबर परत कधी कोणाला आणत नाही, त्याला तोंडघशी पडल्यासारखं होतं. पुढारी मंडळींना हा दुसरा तोटा दिसतच नाही.

माणूस शेवटी सोबतीला येतो हो. रोटरी सुरू करणारा पॉल हॅरिस शिकागोत वकिली करत होता, मोठ्या शहरात एकटं वाटायचं, म्हणून १९०५ मध्ये एक कोळशाचा व्यापारी, एक खाण इंजिनियर आणि एक शिंपी यांना घेऊन त्याने भेटायला सुरुवात केली, आळीपाळीने एकमेकांच्या ऑफिसात, त्या आळीपाळीवरूनच, म्हणजे इंग्रजी 'रोटेशन'वरून, रोटरी हे नाव पडलं. सार्वजनिक शौचालय बांधून घ्यायचं त्यांचं पहिलं समाजकार्य त्यानंतर दोनेक वर्षांनी, १९०७ चं. आधी मैत्री झाली, मग काम आलं. तुमच्या मेंबरांना मित्र सुचत नाहीत असं नाही, पण या क्लबात माझ्या मित्राला मित्र मिळतील असं त्यांना वाटलं पाहिजे.

एक गोष्ट मात्र आम्हाला फार उशिरा कळली. जुने मेंबर आपल्यासारख्याच वयाची, आपल्याच वर्तुळातली माणसं आणतात आणि त्यांच्या ओळखी बऱ्याचशा संपलेल्या असतात, ज्यांना आणायचं त्यांना दहा वर्षांपूर्वीच विचारून झालेलं असतं. बायकांना या क्लबांमध्ये घ्यायचे दरवाजे १९८७ च्या सुमाराला उघडले, म्हणजे तोपर्यंत अर्ध्या जगाला कोणी विचारलंच नव्हतं, तसंच वयाचं होतं. आमच्याकडे शेवटच्या दोन वर्षांत आलेली बहुतेक माणसं नव्या मेंबरांनीच आणली. त्यांचा उत्साह ताजा असतो, ऑफिसात, सोसायटीत, मुलांच्या शाळेत अजून कोणाला सांगितलेलं नसतं. म्हणून तीस जणांच्या मागे लागण्याआधी ते जे दोघं आलेत ना, त्यांना या आठवड्यात भेटा, क्लब त्यांना कसा वाटला ते नीट ऐका, काय खटकलं तेही ऐका, आणि पुढच्या प्रोजेक्टमधलं एक काम त्यांच्याकडे देऊन सांगा की सोबत तुमच्या ओळखीचं कोणीतरी घेऊन या. मेंबरशिपच्या फॉर्मचं नाव दोन-तीन महिने काढू नका.