वाचकांचे प्रश्न : प्लेटमधील कटआउटसाठी टूलपाथ (कटरचा मार्ग) कसा निवडावा?

प्रश्न : मिरजोळे एमआयडीसीत आमचे छोटे वर्कशॉप आहे. मच्छीमार बोटींसाठी लागणारी पॅनेल आणि हॅचच्या चौकटी आम्ही व्हीएमसीवर (संगणकनियंत्रित उभ्या मिलिंग मशीनवर) करतो. सध्या ५०८३ अ‍ॅल्युमिनियमच्या १२ मिमी प्लेटमध्ये २०० × १५० मिमीचे, कोपऱ्यांना १० मिमी त्रिज्या असलेले कटआउट काढायचे आहेत. सगळे पॉकेट (आतला पूर्ण भाग) खोदले तर वेळ फार जातो. १२ मिमीच्या एंडमिलने (दांड्यासारख्या कटरने) फक्त कडेने कापत गेलो, तर शेवटच्या पासला (फेरीला) मधला तुकडा हलतो आणि कटर तुटतो. कोणती पद्धत धरावी?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : कडेने कापण्याचा आपला निर्णय योग्य आहे. हिशेब केला तर हे स्पष्ट दिसते. संपूर्ण पॉकेट खोदायचे म्हणजे सुमारे ३६० घन सेंटिमीटर धातूची, जवळजवळ एक किलो वजनाची, चिप (किस) करायची. १२ मिमी रुंदीची खाच कडेने कापली तर हेच काम सुमारे ९३ घन सेंटिमीटरवर, म्हणजे साधारण चौथ्या हिश्श्यावर येते. शिवाय मधला तुकडा अखंड हाती लागतो, आणि ज्यांचा माल आंबा घाट उतरून कोल्हापूरहून येतो त्यांना एखाद्या फ्लँजपुरता तुकडाही टाकून देणे परवडत नाही. मात्र ही पद्धत निवडण्यापूर्वी दोन गोष्टी ठरलेल्या असाव्या लागतात : चिप कोठून बाहेर पडणार आणि सुटलेला तुकडा कोण धरणार. आपले कटर तुटते ते या दोन्ही गोष्टी मोकळ्या राहिल्यामुळे.

पहिली गोष्ट चिपची. कटरच्या व्यासाएवढ्याच रुंदीच्या खाचेत कटर अर्ध्या परिघाने धातूत गुंतलेले असते. एका भिंतीवर क्लाइम्ब मिलिंग होते (दात जाड चिपेने सुरू होऊन पातळ चिपेने बाहेर पडतो), समोरच्या भिंतीवर उलटे, आणि खोली वाढत जाते तशी चिपला बाहेर पडायला जागा उरत नाही. तीच चिप पुन्हा पुन्हा कापली जाते. अ‍ॅल्युमिनियममध्ये ती दातांना चिकटून खाच भरून टाकते. म्हणून १२ मिमीऐवजी १० मिमीचे, दोन किंवा तीन दातांचे कार्बाइड एंडमिल घ्यावे आणि खाच १३ ते १४ मिमी रुंद ठेवावी. आपल्या सॉफ्टवेअरमध्ये ट्रोकॉइडल टूलपाथ असेल, तर कटर लहान लहान वळसे घेत पुढे सरकते, एका वेळी फक्त १ मिमीच्या आसपास धातू घेते आणि प्लेटची पूर्ण जाडी एकाच खोलीत कापता येते. दातांचा पूर्ण उंचीचा भाग वापरला गेल्याने फक्त टोकच झिजत नाही, हा त्याचा आणखी एक लाभ आहे. येथे फीडविषयी (कटर पुढे सरकण्याच्या वेगाविषयी) एक बाब ध्यानात ठेवावी : कटरच्या व्यासाच्या दहा टक्केच रुंदी घेतली जाते, तेव्हा चिपची कमाल जाडी प्रति दात फीडच्या सुमारे ०.६ पटच भरते. जुन्याच फीडवर चालवले तर दात कापण्याऐवजी घासू लागतो. त्यामुळे फीड त्या प्रमाणात वाढवावी लागते, आणि प्रथमच करणाऱ्याला हे धाडस वाटते. पण ते धाडस नव्हे, हिशेब आहे.

ट्रोकॉइडलची सोय नसेल, तर २ ते ३ मिमीच्या थरांनी उतरावे आणि प्रत्येक थरात आतल्या बाजूने आणखी एक समांतर पास देऊन खाच रुंद करावी. एंडमिल सरळ खाली घुसवू नये. टाकाऊ भागात आधी ड्रिलने भोक पाडून त्यातून उतरावे किंवा मार्गावरच दोन-तीन अंशांचा उतार द्यावा. कूलंटच्या धारेपेक्षा हवेचा झोत खाचेतली चिप अधिक खात्रीने उडवतो. दोन्ही असल्यास उत्तम.

दुसरी गोष्ट मधल्या तुकड्याची, आणि माझ्या मते या कामातील खरा निर्णय येथेच आहे. प्लेटखाली टाकाऊ अ‍ॅल्युमिनियमची सपाट प्लेट ठेवावी. पहिल्या ऑपरेशनमध्ये मधल्या भागात दोन भोके पाडावीत, प्रोग्रॅममध्ये थांबा घ्यावा आणि दोन बोल्टनी तो भाग खालच्या प्लेटला आवळावा. मग कटर खालच्या प्लेटमध्ये ०.३ ते ०.५ मिमी उतरले तरी काहीही हलत नाही. वेगाने सरकताना कटर किंवा होल्डर बोल्टच्या डोक्यांना लागू नये, एवढी सुरक्षित उंची प्रोग्रॅममध्ये अवश्य ठेवावी. बोल्ट शक्य नसतील तर सरळ बाजूंवर, कोपऱ्यांपासून दूर, १ मिमी जाडीचे चार टॅब (न कापलेले जोड) सोडावेत आणि ते नंतर हाताने कापावेत.

खाच पूर्ण झाल्यावर भिंतीवर शेवटच्या पाससाठी राखून सोडलेले ०.३ मिमी अलाउन्स एका फिनिश पासमध्ये काढावे. उजव्या फिरकीच्या कटरला कटआउटच्या आत क्लाइम्ब मिलिंग मिळते ते घड्याळाच्या उलट दिशेने गेल्यावर. प्रवेश आणि निर्गम भिंतीला स्पर्शणाऱ्या चापावरून घ्यावेत. सरळ रेषेत आत शिरल्यास तेथे कायमची खूण राहते. मोजमाप काटेकोर असेल तर या पासपूर्वी क्लॅम्प एकदा सैल करून पुन्हा हलके आवळावेत, कारण मधला भाग निघाल्यावर लाटलेल्या प्लेटमधील ताण मोकळे होतात आणि प्लेट किंचित सरकते.

आपल्या ड्रॉइंगमध्ये १० मिमी त्रिज्या आहे, ही समाधानाची बाब आहे. ५ मिमी त्रिज्येचे कटर त्या कोपऱ्यात न थांबता वळते. ग्राहकाने कधी धारदार कोपरा मागितला, तर जहाजांच्या इतिहासाचा दाखला द्यावा : दुसऱ्या महायुद्धात बांधलेल्या लिबर्टी जहाजांच्या चौकोनी हॅच-कोपऱ्यांपासून डेकला तडे गेले होते. तेथील पोलादही थंडीत ठिसूळ होणारे होते हे खरे, तरीही ताण एकवटण्याची जागा कोपराच होती.

आणखी एक स्पष्ट सांगतो. कडांना अर्धा मिलिमीटर इकडे-तिकडे चालणार असेल आणि नग पुष्कळ असतील, तर वॉटरजेटवर कापून आणणे स्वस्त पडू शकते. मिलिंग तेथेच करावे जेथे मोजमाप किंवा कडेची प्रत त्याची मागणी करते.

प्रश्न : ३१६ स्टेनलेसच्या ६ मिमी प्लेटमध्ये ४० × ३० मिमीच्या खिडक्या काढतो. तुकडा दरवेळी अडकतो, आणि बोटीवर बसवल्यावर काही आठवड्यांत कडांना तांबूस डाग पडतात. ३१६ गंजतो का?
— एक वाचक, कुडाळ

उत्तर : एवढ्या लहान खिडकीत मधला तुकडा वाचवण्यात अर्थ नाही. १० मिमीच्या कटरने उरतो तो २० × १० मिमीचा निरुपयोगी तुकडा, आणि तो धरायलाही जागा नाही. येथे मध्यभागी १०.५ मिमीचे भोक पाडावे, त्यातून उतरून सर्पिल मार्गाने बाहेर पसरत पूर्ण पॉकेट करावे आणि शेवटी फिनिश पास द्यावा. स्टेनलेसमध्ये कटर धातूत एका जागी थांबता कामा नये. घासला गेलेला पृष्ठभाग कठीण होतो आणि पुढचा दात त्यावर बोथट होतो.

डागांचे कारण बहुधा मिश्रधातूत नाही, मशीनच्या टेबलावर आहे. आधीच्या एमएस (साध्या पोलादाच्या) जॉबची चिप टेबलावर किंवा कूलंटमध्ये राहिली, किंवा खाली एमएसची प्लेट ठेवली, तर लोखंडाचे कण स्टेनलेसच्या ताज्या कडेत रुततात आणि खाऱ्या हवेत तेच कण गंजतात. स्टेनलेसपूर्वी टेबल आणि क्लॅम्प पूर्ण साफ करावेत, कूलंट गाळून घ्यावे, आधाराला अ‍ॅल्युमिनियम वापरावे, बर (कडेवर उरलेली बारीक धार) काढायला वेगळी कानस आणि स्टेनलेसचाच ब्रश ठेवावा. काम झाल्यावर कडा सायट्रिक आम्लाच्या द्रावणाने पॅसिव्हेट करून (रुतलेले लोखंड काढून संरक्षक थर पुन्हा तयार होऊ देऊन) स्वच्छ गोड्या पाण्याने धुवाव्यात आणि कोरड्या केल्यावरच पॅक कराव्यात.