न्यू जर्सीत शेजाऱ्यांनी विरोध केला की झोनिंग बोर्ड (गावाचं बांधकाम-जमीनवापराच्या नियमांचं मंडळ) व्हेरियन्सचा, म्हणजे त्या नियमांतून सवलतीचा, अर्ज फेटाळतंच का?

नाही, नुसत्या विरोधावर अर्ज फेटाळता येत नाही. बोर्डाला सुनावणीतल्या पुराव्यावरच निर्णय द्यावा लागतो. राज्याच्या म्युनिसिपल लँड यूज लॉनुसार हद्दीपासून बांधकामाचं ठरलेलं अंतर कमी करून हवं असेल, तर अर्जदाराने प्लॉटचा आकार, उतार अशी जमिनीचीच अडचण दाखवायची, किंवा सवलतीचा फायदा तोट्यापेक्षा बराच जास्त आहे हे पटवायचं. ‘घरात माणसं वाढली’ ही जमिनीची अडचण नव्हे. शिवाय आजूबाजूला फार नुकसान होता कामा नये, आणि शेजारी म्हणून तुमचं म्हणणं चालतं ते इथेच. २०० फुटांच्या आतल्या मालकांना सुनावणीच्या किमान १० दिवस आधी नोटीस येते. ती आली की स्वतः जा. ‘आम्हाला नको’ एवढंच म्हणून उपयोग नाही; पावसाचं पाणी अर्जदाराच्या अंगणातून तुमच्या बेसमेंटच्या खिडकीशी कसं साचतं, त्याचे तारखेसह फोटो दाखवा. मात्र घराच्या जागी दुकान, असा वापरच बदलायचा असेल तर गणित वेगळं: तिथे साधं बहुमत पुरत नाही, सातजणांच्या बोर्डात ५ मतं बाजूने लागतात.