हैतीला ग्रुपने जाऊन तिथले नाच आणि ढोल शिकता येतील का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात कथक शिकता, क्लासमधल्या पाच-सहा जणींना हैतीच्या नाचांचे व्हिडिओ बघून ओढ लागली आहे, पंधरा दिवस ग्रुपने तिथे राहून शिकायचं आहे. अशा सहलींत खरंच काही शिकवतात का? आणि घरचे म्हणतात, "ते वूडूवालेच ना?" त्यांना काय सांगायचं?

आधी कडू भाग उरकते. आत्ता राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्सला जायचं नाही. "आमच्या तिथे ओळखी आहेत, काळजी करू नका" असं कोणी कितीही गोड बोलून सांगितलं तरी नाही. जून २०२१ मध्ये राजधानीतून दक्षिणेकडे जाणारा रस्ता मार्तिसाँ भागात टोळ्यांच्या ताब्यात गेला, पुढच्याच महिन्यात राष्ट्राध्यक्ष जोव्हनेल मोईझ यांची हत्या झाली, आणि तिथून गोष्टी बिघडतच गेल्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रवासी विमानांना गोळ्या लागल्या, तेव्हा अमेरिकी कंपन्यांनी तिथली उड्डाणं थांबवली. ओलोफसन म्हणून एक जुना लाकडी वाडा होता, हॉटेल केलेला. दर गुरुवारी रात्री तिथे 'राम' नावाचा बँड वाजवायचा. (आपला राम नव्हे, बँडवाल्याची आद्याक्षरं!) तो वाडाही जुलै २०२५ मध्ये जळून गेला. नाचणारे लोक तिथेच आहेत, नाच चालू आहे. पण पाहुणे सांभाळण्याचं ओझं आपण त्यांच्यावर टाकू नये असं माझं मत आहे.

मी गेले २०१७ च्या ईस्टरला, तेव्हा परिस्थिती वेगळी होती. मी न्यू जर्सीत राहते. न्यू यॉर्कमधल्या ब्रुकलिनला हैतियन नाचाच्या एका क्लासला जायचे, तिथल्या बाईंनी तेरा जणांचा ग्रुप काढला. दहा दिवस, मुक्काम जाकमेलला. समुद्रकाठचं गाव, राजधानीहून डोंगर ओलांडून तीनेक तास. जुन्या कॉफी व्यापाऱ्यांची लोखंडी सज्जांची घरं, आणि सिमेंटच्या रिकाम्या पिशव्यांच्या कागदाचा लगदा करून त्यापासून कार्निव्हलचे मुखवटे बनवणारे कारागीर.

सकाळी सात वाजता एका गच्चीवर नाच, दुपारी ढोल, संध्याकाळी गाणी. उन्हं चढली की गच्ची तापायची, म्हणून सातला म्हणजे सातला. (एवढं काटेकोर आमच्या मिरजेच्या क्लासातही नव्हतं.)

पहिले तीन दिवस फक्त यानवालू. दांबाला या सर्परूपी देवाचा नाच. गुडघे वाकवायचे, धड पुढे झुकवायचं आणि माकडहाडापासून मानेपर्यंत पाठीतून लाट सोडत राहायची. दिसायला सोपं. आता कथकवालीची पाठ कशी असते ते तुम्हाला मी सांगायला नको. बाईंनी ओरडून ओरडून सरळ केलेली ती पाठ लाट बिट काही मानेना. मग मी खांदे पुढेमागे करून लाट असल्याचं दाखवायला लागले. शिकवणाऱ्या बाई साठीच्या होत्या, अनवाणी. त्यांनी मागून येऊन माझ्या माकडहाडावर मूठ टेकवली आणि म्हणाल्या, "इसित." म्हणजे इथे. मग खांद्यावर टिचकी मारून मान हलवली: इथे नाही. दहा दिवसांत त्यांचे-माझे सगळ्यात जास्त संवाद या दोन खुणांतच झाले.

पण माझी खरी फजिती झाली ती ढोलांपाशी, आणि तुमचीही तिथेच होणार. राडा नावाच्या देवांच्या घराण्यातल्या नाचांना तीन ढोल लागतात. सगळ्यात मोठा तो मांमां, म्हणजे आई. मधला सेगों. सगळ्यात लहान बूला, दोन बारीक काठ्यांनी वाजतो आणि एकसारखा चालू राहतो. वर ओगान, म्हणजे लोखंडाचा तुकडा, त्यावर काठीने ठोका. कधी कधी ते नुसतं कुदळीचं पातं असतं. बूला आणि ओगान जमीन धरून ठेवतात, आणि मांमां त्यांच्यावर बोलते. ती बोलता बोलता मध्येच सगळी चाल मोडते, त्याला म्हणतात कासे. कासे म्हणजे शब्दशः मोडणं. कासे आली की नाचणाऱ्याचं अंग झटक्यात बदलतं: लाट थांबते, पाय वेगळे पडतात, आणि ढोल परत मूळ चालीवर आला की पुन्हा लाट.

मी काय केलं? मोजलं. तीन-तीनच्या चार गटांत बाराचा हिशोब बसला, तेव्हा मनात म्हटलं, आता कासे समेवर येणार. आली नाही. पुढच्या आवर्तनात येईल म्हणून टपून बसले, तर आली ती भलत्याच ठिकाणी आणि मी एकटीच जुन्या पावलात. दोन दिवस असं चाललं. शेवटी ढोलवाल्याने दुभाष्यामार्फत विचारलं, "ही बाई जमिनीकडे बघून काय हिशोब करते?" मग त्याने समजावलं ते असं: कासे कधी मारायची ते तो मोजून ठरवत नाही, नाचणाऱ्यांकडे बघून ठरवतो. कोणाची पाठ भरात आली आहे, कोण दमलं आहे, कोण नुसतं ढकलतंय. आपल्याकडे नाचणारा तिहाई घेऊन समेवर येतो आणि तबलजी त्याला गाठतो. तिथे ढोलवाला नाचणाऱ्याला वाचतो आणि गाठ त्याच्या हातात असते. त्यानंतर मी जमिनीऐवजी त्याच्या हातांकडे बघायला लागले, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली.

म्हणून ग्रुप निवडताना पहिली चौकशी ही करा की ढोल प्रत्यक्ष वाजणार आहेत का, आणि रोज वाजणार आहेत का. स्पीकरवर गाणं लावून "हैतियन फोकलोर" शिकवणारेही आहेत. त्यात व्यायाम होतो. कासे रेकॉर्डिंगमध्ये पाठ होते, आणि पाठ झालेली कासे कासे राहत नाही.

रारासाठी आम्ही एक दिवस लेओगानला गेलो. १२ जानेवारी २०१० च्या भूकंपाचं केंद्र या गावाजवळ होतं, गाव जवळजवळ सगळं पडलं होतं. रारा म्हणजे लेंटच्या (ईस्टरआधीच्या उपवासाच्या) दिवसांत ईस्टरपर्यंत रस्त्याने निघणारे वाजणारे-नाचणारे जथे. त्यात वाक्सीन नावाची बांबूची तुतारी असते. एका नळीतून एकच सूर निघतो. चार-पाच जण आपापला सूर आपापल्या वेळी फुंकतात आणि त्यांच्या मध्ये कुठेतरी धून तयार होते. त्यातला एक जण पाणी प्यायला थांबला की धुनेला भोक पडतं, ते मी ऐकलं. फुंकता फुंकता तोच माणूस काठीने बांबूच्या अंगावर तालही धरतो. पुढे टिकल्या-चमक्यांच्या पोशाखातला माणूस छडी फिरवत असतो, जथा मोठ्या माणसाच्या दारापुढे थांबतो, सलामी देतो, पैसे घेतो, पुढे सरकतो. धूळ, घाम, रेटारेटी. ढोल-ताशाच्या मिरवणुकीत मागे चालायची सवय असेल तर तुम्हाला परकं वाटणार नाही, मात्र चपलेऐवजी बूट घाला.

आता घरच्यांचा प्रश्न. हो, हे नाच व्होडूचे (म्हणजे घरचे म्हणतात त्या वूडूचेच) आहेत, आणि ते लपवण्यात काही अर्थ नाही. यानवालू दांबालाचा, नागो ओगू या युद्धदेवाचा, बांदा मृतांच्या गेदे देवांचा. सिनेमातल्या बाहुल्या आणि टाचण्या बाजूला ठेवा. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांनी आपापले देव, ढोल आणि पूर्वज एकत्र नांदवून केलेला हा धर्म आहे. फॉन, योरुबा, काँगो अशा वेगवेगळ्या लोकांच्या खुणा त्यांच्या नाचांच्या नावांतच दिसतात. १ जानेवारी १८०४ ला त्यांनी फ्रेंचांपासून स्वातंत्र्य मिळवलं. तरी पुढे त्यांच्याच सरकारांनी या धर्मावर बंदी घातली. १९३५ मध्ये राष्ट्राध्यक्ष स्तेनिओ व्हाँसाँ यांनी "अंधश्रद्धेच्या प्रथा" गुन्हा ठरवणारा कायदा आणला, पण त्यात लोकांच्या नाचगाण्यांना मुभा ठेवली. या फटीतून रंगमंचावरचं "फोकलोर" उभं राहिलं. तेच पाऊल, तोच ढोल. देवळात गुन्हा आणि स्टेजवर राष्ट्राची संस्कृती. अमेरिकन नर्तकी कॅथरिन डनहॅम साधारण त्याच सुमारास अभ्यासाला आल्या आणि हे नाच अंगात भिनवून परत गेल्या. पुढे झाँ-लेओं देस्तिने यांच्यासारख्या हैतियन नर्तकांनी ते जगभरच्या रंगमंचांवर नेले. व्होडूला सरकारी मान्यता मिळायला मात्र २००३ उजाडलं. तुमच्या सहलीत जे शिकवलं जाईल ते बहुतेक या स्टेजवरच्या परंपरेतलं असेल. त्यात कमीपणा काही नाही. फक्त जे बघतोय ते नक्की कुठलं, हे माहीत असावं.

देवळातलं मी एकदाच पाहिलं. लेंटमध्ये तिथे सेवा, म्हणजे पूजाविधी, सहसा होत नाहीत, म्हणून ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी एका लाकूत गेलो. लाकू म्हणजे एका कुळाची घरं आणि मधलं अंगण. आत शिरताना आमच्या बाई दारातून ओरडल्या, "ओने!" आतून उत्तर आलं, "रेस्पे!" मान आणि आदर. उत्तर आल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. आत एक म्हातारा वाकून मक्याच्या पिठाने जमिनीवर वेवे काढत होता, म्हणजे देवाची खूण. अंगठा आणि पहिल्या बोटातून पीठ सोडायची ती चिमूट बघून मी गारच पडले. माझी आजी रांगोळी सोडायची अगदी तश्शीच. आणि तासाभरात त्यावर नाचून लोकांनी ते पुसून टाकलं.

रात्री एका बाईच्या अंगात आलं. ज्याच्यावर देव येतो त्याला ते घोडा म्हणतात, आपल्याकडे झाड म्हणतात, एवढाच फरक. मी गावच्या जत्रेत हे लहानपणापासून पाहिलं आहे, त्यामुळे घाबरले नाही. मूर्खपणा मात्र केला: फोन काढला. शेजारच्या मुलीने काही न बोलता माझ्या फोनवर तळहात ठेवला आणि तो तसाच ठेवून समोर बघत राहिली. तिकीट काढून "सेरेमनी" दाखवतो असं सहलीच्या पत्रकात ठळक लिहिलेलं असेल तर मी तरी दोनदा विचार करेन.

एक तक्रारही सांगते. आमच्या फीमधला ढोलवाल्यांचा वाटा मधल्या माणसाने निम्मासुद्धा पोचवला नव्हता. सातव्या दिवशी सहज बोलताना कळलं, मग आम्ही तेरा जणांनी वर्गणी काढली आणि ती हातात दिली. तेव्हा दुसरी चौकशी ही: वाजवणाऱ्याला रोजचे किती मिळतात? हे सरळ विचारा. प्रामाणिक आयोजक आकडा सांगतो, बाकीचे "कम्युनिटीला आधार" वगैरे बोलतात.

मग आत्ता कुठे जायचं? तुमच्या जागी मी असते तर दोन ठिकाणं बघितली असती. एक ब्रुकलिन. हैतीचे कितीतरी चांगले ढोलवाले आणि नाचणारे आता तिथेच आहेत, वर्षभर क्लास चालतात, आणि उन्हाळ्यात रविवारी प्रॉस्पेक्ट पार्कात ढोल घेऊन लोक जमतात. अमेरिकेच्या व्हिसाची कटकट आहे, पण अमेरिकेमार्गे हैतीला जातानाही ती चुकत नाही. मधे नुसतं विमान बदलायचं असलं तरी आपल्या पासपोर्टवर तिथला व्हिसा लागतो.

दुसरं सान्तियागो दे कूबा. हैतीतल्या क्रांतीच्या वेळी पळालेल्या फ्रेंच मळेवाल्यांबरोबर त्यांचे गुलाम पूर्व क्युबात आले. त्यांच्या वंशजांचं तुंबा फ्रान्सेसा हे नाच-ढोलांचं मंडळ १८६२ पासून तिथे आहे. विसाव्या शतकात ऊस तोडायला हैतीहून मजूर आले, त्यांनी रारा आणली; तिथे तिला गागा म्हणतात. म्हणजे एका शहरात राहून हैतीचे दोन थर बघायला मिळतात, एक राजवाडी नजाकतीचा आणि एक उसाच्या फडातला. ऊसतोड मजुरांच्या टोळ्या आपण पाहिलेल्या आहेत, त्यामुळे दुसरा थर मला जास्त जवळचा वाटतो. तिथे वीज आणि खाण्यापिण्याची टंचाई असते, ती तयारी ठेवा.

हैतीच हवं असा हट्ट असेल तर उत्तरेला काप-आइसियाँ आणि वरच्या डोंगरावरचा प्रचंड किल्ला बघून काही जण येतात म्हणे, पण नाच शिकायला म्हणून मी आत्ता कोणाला पाठवणार नाही.

निघायच्या आधी निदान दोन महिने यानवालूची लाट घरी भिंतीला पाठ लावून करून बघा, एकेक मणका सुटा करत. आणि गुडघ्यांना लावायचं मलम न्या, भरपूर न्या. मी एकच ट्यूब नेली होती, ती चौथ्या दिवशी संपली आणि मग तेरा जणांत खोबरेल तेलाची एक बाटली फिरत होती.