गव्हर्नरपदाच्या निवडणुकीआधी कित्येक महिने येणाऱ्या पोल्सना काही अर्थ असतो का?

तुम्ही विचारलंय की अमेरिकेत एखाद्या राज्याच्या गव्हर्नरपदाची निवडणूक अजून लांब असताना पोलमध्ये कुणी पाच टक्क्यांनी पुढे दिसला, तर तोच जिंकणार असं धरायचं का. (इथला गव्हर्नर आपल्या राज्यपालासारखा नेमलेला नसतो, लोक त्याला थेट निवडून देतात.) माझं उत्तर: नाही धरायचं. पण तो पोल रद्दीतही टाकू नका. आघाडी किती ते सोडा आणि पुढे असलेल्याचा स्वतःचा आकडा बघा.

मी उत्तर व्हर्जिनियात राहतो, म्हणून 2021 चं इथलंच उदाहरण देतो. डेमोक्रॅटिक पक्षाचे टेरी मॅकऑलिफ आधी एकदा गव्हर्नर होऊन गेलेले, सगळ्यांना माहीत असलेलं नाव. समोर रिपब्लिकन ग्लेन यंगकिन, गुंतवणूक व्यवसायातून आलेले, राजकारणात नवखे. मॉनमथ विद्यापीठाच्या ऑगस्टमधल्या पोलमध्ये मॅकऑलिफ 47, यंगकिन 42. सप्टेंबरात 48 आणि 43. ऑक्टोबरात दोघेही 46 वर. निकाल लागला तेव्हा यंगकिन 50.6, मॅकऑलिफ 48.6.

यातले फक्त मॅकऑलिफ यांचे आकडे वाचा: 47, 48, 46, आणि शेवटी 48.6. म्हणजे त्यांच्यापुरता पोल ऑगस्टपासून जवळजवळ बरोबरच होता! वाढले ते यंगकिन. जो माणूस चार वर्षं गव्हर्नर होता, त्याच्याबद्दल लोकांचं मत कधीच बनलेलं असतं. ऑगस्टपर्यंत ज्यांनी त्याला होकार दिला नाही, ते नंतर देण्याची शक्यता कमीच. नवख्या उमेदवाराची मात्र ओळख व्हायची बाकी असते. त्यात आमच्या लाउडन काउंटीत शाळा मंडळाच्या बैठका गाजत होत्या, आणि सप्टेंबरच्या शेवटी वादविवादात मॅकऑलिफ म्हणाले की शाळांनी काय शिकवावं हे पालकांनी सांगू नये असं त्यांना वाटतं. यंगकिन यांच्या प्रचाराने ते वाक्य जाहिरातींतून घरोघरी पोचवलं. एरवी राजकारणावर चकार शब्द न काढणारे पालकही त्या दिवसांत यावर बोलायचे. ऑगस्टच्या पोलला हे कुठून दिसणार?

त्याच दिवशी न्यू जर्सीत तेच घडलं. मॉनमथच्या शेवटच्या पोलमध्ये तिथले तेव्हाचे गव्हर्नर, डेमोक्रॅटिक पक्षाचे फिल मर्फी 50, रिपब्लिकन जॅक चिटरेली 39. निकाल 51.2 विरुद्ध 48. मर्फींचा आकडा पुन्हा बरोबर, आघाडी मात्र अकरावरून तीनवर. पोल घेणारे पॅट्रिक मरे यांनी नंतर वर्तमानपत्रात लेख लिहून आपलं चुकल्याचं सरळ कबूल केलं. मला त्यांच्याबद्दल आदर वाटतो, कारण या धंद्यात इतकं स्पष्ट कुणी बोलत नाही.

नमुन्यातली चूक आहेच. आठशे लोकांना विचारलं तर प्रत्येक आकडा साडेतीन टक्के इकडेतिकडे होऊ शकतो, आणि दोघांतलं अंतर जवळपास त्याच्या दुप्पट. पाचाची आघाडी त्यात सहज विरघळते.

आणखी एक गोष्ट पोलच्या बाहेरची. 1977 पासून व्हाइट हाउस ज्या पक्षाकडे, तो पक्ष व्हर्जिनियाची गव्हर्नरकी हरत आलाय. अपवाद एकच, 2013 चा, आणि तो खुद्द मॅकऑलिफ यांचाच. 2025 मध्ये रिपब्लिकन ट्रम्प सत्तेत असताना इथे डेमोक्रॅटिक पक्षाच्या अबिगेल स्पॅनबर्गर सुरुवातीच्या पोल्समध्ये पुढे होत्या, आणि शेवटी सुमारे 15 टक्क्यांनी जिंकल्या. तिथे वारा आणि पोल एकाच दिशेला होते.

म्हणून निवडणूक आठ महिन्यांवर असताना कुणी 52–40 ने पुढे असेल तर मी ते गांभीर्याने घेतो. 44–36 असेल तर आघाडी आठाची असूनही नाही, आणि तो 44 वाला जर सध्याचा किंवा माजी गव्हर्नर असेल, तर मला त्याचीच जास्त काळजी वाटते.