कंपनीत अजाईल आलं आणि माझी झोप गेली: दोष माझाच आहे का?

गेल्या काही वर्षांत माझ्याकडे येणाऱ्या आयटीतल्या माणसांचा एक प्रश्न जवळजवळ ठरलेला आहे. "मॅडम, आमच्याकडे सगळं अजाईल झालंय. रोज सकाळी सगळ्यांसमोर काल काय केलं, आज काय करणार ते सांगायचं. बाकीच्यांना जमतं, मलाच धडधडतं. माझ्यातच काही कमी आहे का?" अजाईल म्हणजे सॉफ्टवेअरचं काम छोट्या टप्प्यांत करत, वरचेवर दाखवत पुढे नेण्याची पद्धत.

हाच प्रश्न घेऊन आलेल्या एका गृहस्थांची हकिगत त्यांच्या परवानगीने सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वय ४४. इंदिरानगरला फ्लॅट, मूळ गाव निफाड तालुक्यात, घरची द्राक्षबाग. सॉफ्टवेअरमध्ये १९ वर्षं झालेली. कंपनी मोठी, मुख्य ऑफिस पुण्यात, हे बहुतेक दिवस नाशकातून घरूनच काम करतात. अपॉइंटमेंट पत्नीने घेतली होती. "हे पहाटे साडेचारला उठतात आणि गच्चीवर फेऱ्या मारत पुटपुटतात," एवढंच तिने फोनवर सांगितलं. धडधडीसाठी ते आधी फिजिशियनकडे जाऊन आले होते. ईसीजी, थायरॉईड, साखर सगळं ठीक निघालं. हे त्यांनी आधी केलं याचं मला बरं वाटलं. धडधड मनाचीच आहे, असं घरबसल्या कुणी ठरवू नये.

गच्चीवर काय पुटपुटता, असं विचारल्यावर त्यांनी मोबाइल पुढे केला. साडेनऊच्या स्टँड-अपमध्ये, म्हणजे सकाळच्या त्या मीटिंगमध्ये, बोलायची वाक्यं ते रोज रात्री लिहून ठेवत. मी तारखा बघत गेले. एकाच कामाबद्दल सलग सहा दिवस एकच वाक्य होतं: 'जवळपास झालंय, आज संपेल.' सहाव्या दिवशीच्या वाक्यात 'आज' खोडून 'नक्की आज' केलेलं होतं.

"खरं काय होतं?" मी विचारलं.

बराच वेळ ते समोरच्या पाण्याच्या ग्लासकडे बघत राहिले. मग म्हणाले, "काम थांबलेलं होतं. माझ्या हातात काहीच नव्हतं. पण चौतीस जणांच्या कॉलवर, तीन मॅनेजर ऐकत असताना, 'थांबलंय' कसं म्हणायचं?"

अशा वेळी दीर्घ श्वसन शिकवून माणसाला घरी पाठवणं सोपं असतं. श्वसनाचा उपयोग होतो, त्यांनाही मी ते शिकवलं. पण ज्या खोलीत खरं बोलल्याची किंमत मोजावी लागेल असं वाटतं, तिथे छाती धडधडणारच. ही भीती आजार आहे की परिस्थितीचं बरोबर केलेलं वाचन, हे आधी पाहायला हवं.

मी त्यांना एक कोरा कागद दिला. त्यांच्याकडे कामाचा एक ठरलेला टप्पा, म्हणजे स्प्रिंट, दोन आठवड्यांचा, म्हणजे कामाचे दहा दिवस, म्हणून दहा चौकटी आखल्या. तुमच्या हातात काम होतं ते दिवस निळे, दुसऱ्या कुणाची वाट पाहत होतात ते लाल. पहिले दोन निळे झाले. तिसऱ्या दिवशी टेस्ट डेटाबेसची परवानगी पुण्याच्या दुसऱ्या विभागाकडे मागितली, ती यायला चार दिवस लागले. मग एक दिवस निळा. त्यानंतर सिक्युरिटीची मंजुरी. ती देणारी समिती एक बुधवार सोडून एका बुधवारी बसते. शेवटचे तीन लाल.

तीन निळे, सात लाल. त्यांनी कागद दोनदा मोजला. "हे मी आजवर कुणाला दाखवलंच नाही," ते म्हणाले. "मलासुद्धा."

या सात दिवसांचं खापर ते स्वतःवर फोडत होते. महिनाअखेरीला टिकीट, म्हणजे त्या कामाची नोंद, 'कॅरी फॉरवर्ड' (पुढे ढकललेलं) म्हणून त्यांच्याच नावापुढे दिसायचं. डेटाबेस एका विभागाकडे, सुरक्षा दुसऱ्याकडे, टेस्टिंग तिसऱ्याकडे, आणि त्या विभागांच्या नावापुढे त्यातलं काहीच यायचं नाही. मेल्विन कॉनवे या अमेरिकन संगणकतज्ज्ञांनी १९६८ मध्येच लिहून ठेवलंय की संस्थेत माणसांची जशी विभागणी असते, तसाच तिच्या हातून घडणाऱ्या यंत्रणेचा आराखडा होतो. विभाग जुनेच ठेवून वर सकाळची मीटिंग बसवली, तर काम पूर्वीसारखंच दारोदार फिरतं. फरक एवढाच, की ते कुठे अडलंय याचा जाब आता रोज द्यावा लागतो.

येणाऱ्यांकडून हेच पुन्हा पुन्हा ऐकल्यावर मी या पद्धतीची मूळ कागदपत्रं वाचून काढली. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतल्या यूटा राज्यात स्नोबर्ड इथे सतरा जणांनी मिळून अजाईलचा जाहीरनामा लिहिला. त्यातलं पहिलंच मूल्य असं, की कार्यपद्धती आणि साधनांपेक्षा माणसं आणि त्यांचा आपसातला संवाद मोलाचा. त्यासोबतच्या बारा तत्त्वांपैकी एक म्हणतं, उमेद असलेल्या माणसांभोवती काम उभारा, त्यांना हवी ती मदत द्या आणि त्यांच्यावर विश्वास ठेवा. स्क्रम ही अजाईलनुसार काम करण्याची एक प्रचलित रीत, तिची २०२० ची मार्गदर्शिका चौदा पानांच्या आतबाहेरची आहे. तिच्यात रोजची भेट पंधरा मिनिटांची, टीम साधारण दहा किंवा त्याहून कमी जणांची, आणि ती भेट काम करणाऱ्यांची, त्यांनी एकमेकांसाठी घ्यायची. 'काल काय, आज काय, अडचण काय' हे तीन प्रश्न त्या आवृत्तीतून काढूनच टाकलेत. 'स्टोरी पॉइंट', म्हणजे काम किती मोठं याचा अंदाजी आकडा, हा शब्द तिच्यात नाही. जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी रॉन जेफ्रीज यांनी तर पुढे लिहिलं, की स्टोरी पॉइंट कदाचित मीच शोधून काढले असतील, आणि तसं असेल तर मला त्याचं वाईट वाटतं.

हे ऐकताना त्यांचे खांदे पहिल्यांदा सैल झालेले मी पाहिले. त्यांच्याकडे चार टीमचं स्टँड-अप एकत्र केलेलं होतं, मॅनेजरांचा वेळ वाचावा म्हणून. चालायचं पन्नास मिनिटं. चारही टीमचे पॉइंट महिन्याला एकाच तक्त्यात शेजारीशेजारी लावले जायचे. पॉइंट म्हणजे एका टीमने आपल्यापुरता बांधलेला अंदाज. एका घरातली वाटी दुसऱ्या घरातल्या वाटीएवढी नसते, तसंच हे आहे.

मोठ्या संस्थांमध्ये मला हेच वारंवार दिसतं: सगळे विधी पहिल्या महिन्यात येतात, आणि निर्णयाचे अधिकार खाली यायला वर्षं लागतात. काही मॅनेजरही माझ्याकडे येतात, त्यांनाही झोप नसते. चारशे माणसांचं काम त्यांना रंगीत चौकटींतूनच दिसतं आणि वर्षाच्या सुरुवातीला दिलेली तारीख त्यांच्याही मानेवर असते.

पण सगळा दोष कंपनीचा म्हणून मी विषय संपवला असता, तर यांची फसवणूक झाली असती. ते ज्या काळात घडले त्या काळात ग्राहकाने गरजांच्या कागदावर सही करायची, यांनी तीन महिने मान खाली घालून काम करायचं आणि पूर्ण झालेली वस्तू हातात द्यायची अशी रीत होती. "मी दिलेलं काम कधी परत आलं नाही," हे त्यांनी पहिल्या तासात तीनदा सांगितलं. अर्धवट काम दाखवायचं म्हणजे बटणं न लावता बाहेर पडल्यासारखं वाटतं, असंही म्हणाले. हा अभिमान खोटा नाही. नव्या पद्धतीत तो ठेवायला जागा मिळाली नाही, याचं त्यांना दुःख होतं आणि ते दुःख कुणाजवळ बोललं गेलेलं नव्हतं. दुसरी भेट जवळजवळ पूर्ण त्यातच गेली.

त्याच भेटीत बोलता बोलता वडिलांचा विषय निघाला. तात्या रोज उजाडायच्या आत बागेत फेरी मारतात. "पानं उलटून बघतात," ते म्हणाले. "डावणी वरून दिसते तेव्हा पिवळा तेलकट डाग असतो, पण बुरशी पानाच्या खाली असते." डाग सापडल्यावर तात्या कुणावर ओरडतात का, असं मी विचारलं. "ओरडून काय? फवारणी काढतात." मग स्वतःशीच म्हणाले, "आणि मी सहा दिवस पान उलटंच होऊ दिलं नाही."

तिथून पुढचं काम सोपं झालं. आम्ही एक वाक्य तयार केलं: 'माझं काम सोमवारपासून थांबलंय, टेस्ट डेटाबेसची परवानगी हवी आहे, ती मिळवायला आज मला कोण मदत करेल?' पहिल्यांदा म्हणताना त्यांनी यात चार वेळा 'सॉरी' घातलं. सराव करत एकेक सॉरी काढत गेलो. अर्धवट काम आधी एकाच विश्वासातल्या सहकाऱ्याला दाखवायचं ठरलं, आठवड्यातून एकदा. आणि निळा-लाल कागद घेऊन स्क्रम मास्टरशी एकट्याने बोलायचं, कारण अडथळे दूर होतील हे पाहणं हे तिचंच काम आहे.

स्क्रम मास्टर वयाने पंधरा वर्षांनी लहान. तिच्यापुढे कागद ठेवायला त्यांना दोन आठवडे लागले. ठेवला, तेव्हा तिने विचारलं, "सर, हा मी बाकीच्यांकडूनही भरून घेऊ?"

साडेनऊला ते वाक्य म्हणाले त्या दिवशी दुपारी मला त्यांचा मेसेज आला. कॉलवर काही क्षण कुणीच बोललं नाही म्हणे. मग पुण्याची एक टेस्टर म्हणाली, "माझंही तिथेच अडकलंय, गुरुवारपासून."

तर तुमच्यापैकी ज्यांना हा प्रश्न पडलाय त्यांना मी आधी तो कागद भरायला सांगेन, एका खऱ्या कामाचा, खऱ्या तारखा घालून. लाल जास्त निघाले तर स्वतःला कमी समजणं थांबवा आणि तो कागद एका माणसाला दाखवा. निळेच जास्त निघाले आणि तरी काम पुढे सरकत नसेल, तर काम आणखी लहान तुकड्यांत मागून घ्या, किंवा जे येत नाही ते शिकायला वेळ मागा. त्यातही लाज नाही. आणि दोन आठवड्यांहून जास्त झोप उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, किंवा जगणं नको असे विचार येत असतील, तर कागद बाजूला ठेवा. त्याच दिवशी जवळच्या कुणाला सांगा, डॉक्टरांना भेटा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येतं, मराठीतूनही.

यांच्याकडे काय बदललं? चौतीस जणांचा कॉल फुटून चार झाले, त्याला दीड महिना लागला. मॅनेजर अजूनही सोमवारी येऊन बसतात. पॉइंटचा तक्ता चालूच आहे. समिती अजूनही एक बुधवार सोडूनच बसते. ते मात्र साडेपाचपर्यंत झोपतात, आणि गच्चीवर जातात ते तुळशीला पाणी घालायला.

एक गोष्ट राहिलीय. दर तिमाहीला त्यांच्याकडे सगळ्या टीमचं दोन दिवस एकत्र नियोजन असतं. कुणाचं काम कुणावर अवलंबून आहे हे दाखवायला बोर्डावर लाल रेषा ओढतात. गेल्या खेपेला दुसऱ्या दिवशी जेवणानंतर त्यांना सांगण्यात आलं होतं, की वरच्यांना दाखवायचंय, लाल जरा कमी करा. त्यांनी चार रेषा पुसल्या होत्या. त्यांतली एक त्या डेटाबेसच्या परवानगीची होती. पुढचं नियोजन तीन आठवड्यांवर आलंय. या वेळी पुसायला सांगितलं तर काय बोलायचं, त्याचा सराव आम्ही येत्या शनिवारी करणार आहोत.